जुनेर

पॉलिस्टरचं जुनेर होत नाही. मुरुडच्या बाजारात शिवणयंत्रामागे बसून मी हे इतकी वर्षं ओरडून सांगते आहे, पण ऐकतो कोण! गिऱ्हाईक हसतं, "केसरबाय, तुमचं आपलं कायतरीच," म्हणतं आणि चकाकती साडी फॉल-पिकोला टाकून निघून जातं.

सुती कापडाची गोष्ट वेगळी. कापसाचा धागा म्हणजे बोटाच्या पेराएवढे तंतू पीळ देऊन एकमेकांना धरून ठेवलेले. नवं असतं तेव्हा ते खळीने ताठ असतं, लग्नातल्या व्याह्यासारखं. मग धुणी सुरू होतात. खळ निघून जाते, पीळ सैलावतो, तंतू जरा जरा डोकं वर काढतात, आणि घरातलं एक मूल शाळेतून बाहेर पडेपर्यंत ते कापड असं होतं की गालाला लावलं तरी लागत नाही. ते जुनेर. पॉलिस्टर म्हणजे प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे आणि शेवया पाडाव्यात तसे बारीक भोकांतून ओढायचे. गुळगुळीत, अखंड धागा. ते विटतं, त्याला गोळे येतात, पण मऊ म्हणून होत नाही. काही माणसंही अशीच असतात, पण ते जाऊ दे.

हे मला शाळेने शिकवलं नाही. माझं माहेर बोर्ली पंचतन. लग्नाआधी तिथल्या एका कापडाच्या दुकानात मी तागे उलगडायला होते. शेठने मला काडी लावून धागा ओळखायला शिकवलं. कडेचा एक धागा ओढायचा आणि पेटवायचा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख चिमटीत विरते. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास. आणि पॉलिस्टर असेल तर ते जळत नाही, रडतं; वितळून त्याची काळी कडक गुठळी होते. तेव्हापासून काडेपेटी माझ्या कनवटीला असते. लोकांना वाटतं बाई विडी ओढते.

जुनेराची गरज पडली ती माझ्या सुनेला, ऋतिकाला, पुन्हा दिवस राहिले तेव्हा. तिचं पहिलं पोट पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर वर्षभर ती घरात अशी वावरायची की भांड्याचाही आवाज नाही. माझा मुलगा विनेश बोटीवरून आला की आधी तिचं तोंड बघायचा आणि मग टोपलीतली मासळी. ह्या वेळी मला ते बाळ हवं होतं. देवाकडे दुसरं काही मागितलं नाही.

आमच्या घरात एक रीत आहे, माझ्या सासूने मला सांगितलेली. ज्या बाईचं एक गेलं, तिच्या पुढच्या बाळाला घरचं कापड लावायचं नाही. जिथं सगळी लेकरं जगली अशी पाच घरं बघायची, तिथं पदर पसरायचा आणि एकेक जुनेर मागून आणायचं. त्या पाचांचं मिळून एक दुपटं शिवायचं आणि जन्मल्याबरोबर बाळाला त्यात गुंडाळायचं. मग ते पाच घरांचं होतं, आणि न्यायला आलेल्याला कळत नाही की हे नक्की कुणाचं. नवं कापड मात्र बाळ जन्मायच्या आधी उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. विनेशच्या आधी माझी एक मुलगी गेली होती. विनेश अशाच दुपट्यात वाढला आणि आज भरतीच्या पाण्यात जाळं ओढतो. आता मला कुणी सांगावं की हे खोटं आहे!

सासूच्या काळी पाच घरांना एक सकाळ पुरली असती. मी निघाले तेव्हा कळलं, गावातून जुनेरच संपलं आहे. कपाटं उघडली की गाऊन, जॉर्जेट, लेगिंग, चकचकीत शर्ट, सगळं बाहेर सांडायचं आणि त्यात नाक पुसायलासुद्धा चिंधी नाही. शेजारची नूतन तर लेबल दाखवायला लागली.

"प्युअर कॉटन हाय गो, वाच की."

मी एक धागा ओढला आणि काडी लावली. अर्धी राख, अर्धी गुठळी.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," मी म्हटलं.

"तू माझ्या घरान येऊन माझेच कपडे जाळतेस व्हय?" ती चिडली, पण हसलीही. मग माळ्यावर चढून तिने सासऱ्याचा पंचा शोधून काढला. तो अस्सल निघाला. नूतनची चारही मुलं धडधाकट आहेत, अगदी नको तितकी.

मोहल्ल्यातल्या हमीदाभाभीने मलमलची ओढणी दिली. मलमल म्हणजे बारीक सूत आणि विरळ वीण, उभ्या-आडव्या धाग्यांतून वारा आरपार जातो. तिच्या सासूची ओढणी ती. "बच्चा सलामत रहे," म्हणाली आणि पोटभर चहा पाजला. एका घरून धोतराचा तुकडा मिळाला, एका मास्तरांकडून खादीचा सदरा. एकीने दिलेलं कापड कागदासारखं जळलं, वासही कागदाचा, मी खूश. घरी आणून ओलं केलं आणि ओढलं तर टरकन फाटलं. रेयॉन. लाकडाच्या लगद्याचा धागा तो, काडीलाही फसवतो, पण पाण्यात त्याचा जीव जातो. म्हणून चार झाली आणि पाचवं अडलं.

त्याच सुमाराला ऋतिका माहेरहून आली. तिचं माहेर शहरातलं, कामोठ्याचं. तिने बॅग उघडली आणि लाजत लाजत एक ब्लँकेट काढलं. पिवळं, गुबगुबीत, मेंढीच्या पाठीसारखं, वर टोपी, टोपीला सशाचे कान.

"आई, हात लावून बघा ना. किती सॉफ्ट आहे! मॉलमध्ये बघितली आणि राहवलंच नाही मला."

माझं डोकं फिरलं.

"बाळ यायच्या आधी नवा कापड घरान आनलास?"

"आई प्लीज, असं काही नसतं हो."

"आनि हा सॉफ्ट काय? पान्याच्या बाटल्या वितळवून करतात ह्ये. आधी प्लॅस्टिकचा कापड इनतात, मंग तारेच्या ब्रशान त्याची पाठ खरवडतात, तवा तो असा फुलतो. ह्यान बाळाचा घाम सुकनार हाय?"

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत..."

पुढचं मी ऐकलंच नाही. काडेपेटी कनवटीला होतीच. कोपऱ्यातून एक धागा ओढला आणि तिला दाखवायला म्हणून काडी लावली. ज्योत धाग्यावरून सरकून कोपऱ्याला लागली, मी फुंकली, पण तिथे हरभऱ्याएवढी काळी गुठळी झाली.

"बघ," मी म्हटलं.

ऋतिका गुठळीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "आई, माझ्या बाळाची वस्तू आहे ती," एवढंच म्हणाली आणि ब्लँकेट घेऊन आत गेली. त्यानंतर ते मला दिसलं नाही. मीही विषय काढला नाही. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, पण सोनाराने तरी काडी लावू नये एवढी अक्कल मला त्या संध्याकाळी भात वाढताना आली.

पाचव्या जुनेरासाठी मी आगरदांड्याहून फेरीबोटीत बसून दिघीला उतरले आणि तिथून बोर्लीला गेले. माझी मावशी मनुबाई तिथे असते. सात लेकरं आणि सातही जिवंत, असं घर आता दिव्याने शोधावं लागतं. म्हातारी पडवीत आमसुलं वाळवत बसली होती. मी पदर पसरला तशी ती आधी हसली.

"आता कोन मागतंय गो जुनेर? मना वाटला, ही रीत माझ्याच संगती जानार."

आत गेली आणि उशीचा अभ्राच काढून घेऊन आली. अभ्रा कसला, तिच्या आईच्या इचलकरंजीच्या पातळाचा पदर होता, दुमडून शिवलेला. रंग पार उडालेला, काठाची नुसती आठवण. बोटांत धरला तर बोटांना बोटंच लागत होती.

"ह्यावर डोका ठेवल्याबिगर मना झोप येत न्हाय," ती म्हणाली. "पन मी काय, आता अशीही जागीच असते. ने."

काडी लावायची मला लाज वाटली. लावली नाही.

दुपटं शिवायला ऋतिकाला मीच बोलावलं. काडीचा राग तिने धरला असेल तर तो ह्यातून तरी जावा असं वाटत होतं. ती पोट सांभाळत माझ्या शेजारी बसली. मी पाच तुकडे एकावर एक लावले, कडा आत दुमडल्या आणि तिच्या हातात सुई दिली. तिला टाके येत नव्हते, लांब लांब घालायची. मी तिला दाखवलं की दोरा ओढून ताणायचा नाही, कापडाला श्वास घ्यायला जागा ठेवायची. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. ते चार-पाच दिवस आम्हा दोघींचे फार चांगले गेले.

"सुतीच का पण?" तिने एकदा विचारलं.

मी दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत मनुबाईच्या पदराची चिंधी टाकली, एकीत शिवणातला पॉलिस्टरचा तुकडा. चिंधी बघता बघता खाली बसली. तुकडा वर तरंगत राहिला, पाण्याचे थेंब त्याच्या पाठीवरून ओघळत होते.

"सुती पितं," मी म्हटलं. "घाम पितं, शी-सू पितं, बाळानं दूध टाकला तर तो पितं. ह्यो दुसरा काय पीत न्हाय. सगळा परत बाळाच्या अंगावर."

"आणि मग जुनेराचं पण जुनेर झालं की?"

"मंग नारळाच्या बुडाशी पुरायचा. एक पावसाळा गेला की हाताला धागा लागत न्हाय. मातीतून आला, मातीन गेला."

विनेश दारात जाळं शिवत होता. तो म्हणाला, "आमचा जाळा मातर जात न्हाय. मागं बोटीला एक जुना जाळा घावला ना, आई? बुडाला तवा मी शाळेत होतो. गाठ ना गाठ शाबूत."

ते मीही बघितलं होतं. माझे सासरे सुताचं जाळं वापरायचे. ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढलं नाही तर एका हंगामात कुजून हातात यायचं. आताची जाळी नायलॉनची. समुद्रात तुटून गेलं की तिथेच, त्याचं काही होत नाही.

"दर्याला पन खाता येत न्हाय ते," मी म्हटलं, आणि आम्ही तिघंही हसलो.

शिमगा जवळ आला होता. कोळीवाड्यात बोटी रंगत होत्या. ऋतिकाला नववा लागून बरेच दिवस झाले होते. त्या सकाळी ती चहा घेऊन ओट्यावर बसली आणि तशीच बसून राहिली. चहावर साय आली.

"आई, आज हलत नाही हो."

"झोपला असेल," मी म्हटलं. "पोरांना काय काम?" पण लगेच उठले. तिला गोड पाणी दिलं, डाव्या कुशीवर निजवलं, पोटावर हात ठेवून बसले. माझ्या हाताला माझ्याच नाडीचे ठोके लागत होते. मग मी विनेशला हाक मारली. गाडी केली, भरून ठेवलेली बाळंतपणाची पिशवी घेतली आणि अलिबागला नेलं.

तिथे डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं. फिरवतच राहिल्या. बाई चांगल्या होत्या, त्यांनी ऋतिकाचा हात धरून सांगितलं. नाळ मानेभोवती बसली होती. कुणाचं काही चुकलं नाही, म्हणाल्या. पण बाळंतपण तर व्हायलाच हवं होतं. रात्रभर सगळ्या कळा, सगळं ओरडणं, आणि शेवटी ते जे एक रडणं ऐकण्यासाठी बाई हे सगळं सोसते, तेवढंच नाही.

मुलगी होती. नाक विनेशचं. केस असे दाट की मला वाटलं, आता तेल लावायला हवं.

"कापड आणलंय का बाळासाठी?" नर्सने विचारलं.

मी पिशवीत हात घातला आणि दुपटं काढून दिलं. दुसरं काय करायचं होतं? पाच घरांचं जुनेर. नर्सने तिला त्यात गुंडाळलं आणि ऋतिकाच्या कुशीत दिलं. ती तिच्याकडे बघत राहिली. विनेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग ऋतिका बोलली.

"आई, मी ती ब्लँकेट आधी आणली. म्हणून झालं का हे?"

माझी जीभ कात्रीसारखी आहे, सगळा बाजार सांगेल. हेच वाक्य मी कितीतरी दिवस तोंडात धरून होते, काही कमी-जास्त झालं तर म्हणायचं म्हणून. आणि आता तीच मला विचारत होती.

"न्हाय गो," मी म्हटलं. "कापडान काय नसतं. कापड नुसता कापड असतो."

पाच घरी पदर पसरलेल्या बाईने हे म्हटलं. म्हटलं आणि माझ्या आतलं काहीतरी उसवून गेलं. कारण ती नवी वस्तू खोटी, तर हे दुपटंही खोटंच ना. मग विनेश जगला तो कशाने, आणि माझी पहिली गेली ती कशाने? मला काहीच ठाऊक नव्हतं.

ऋतिकाने दुपट्याची कड चिमटीत धरली. तिचेच टाके होते ते, लांब लांब.

"सुती मातीत किती टिकतं म्हणालात?"

मला आधी कळलं नाही ती काय विचारते आहे. "एक पावसाळा," मी म्हटलं.

"आणि ब्लँकेट?"

तिने पिशवीकडे बोट केलं. "खाली आहे. मी ठेवली होती, तुम्हाला न सांगता. काढा ना."

तळाशी, तिच्या गाऊनखाली, ते पिवळं ब्लँकेट होतं. सशाचे कान दुमडलेले.

"ह्याच्यात गुंडाळू या," ती म्हणाली.

"घाम येल गो तिला त्यात," मी म्हणाले.

बोलून गेले. विनेशने मागे वळून बघितलं. मी तोंडात पदर कोंबला, कारण मला ओरडायचं होतं आणि पलीकडच्या खाटेवर एक नवी बाळंतीण बाळाला पाजत होती.

"आई," ऋतिका म्हणाली, माझीच समजूत घालत असल्यासारखी, "ती जाईल. मला माहीत आहे. पण तिच्याभोवतीचं तरी काहीतरी राहू दे. एका पावसाळ्यात सगळंच गेलं तर मी कुठे बघू? पहिल्या वेळी तर काहीच नव्हतं. पुरायलाही नव्हतं. ह्या वेळी मला माहीत पाहिजे की खाली ती गुंडाळलेली आहे."

आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आले की पॉलिस्टर नको, ते कधी जात नाही. ह्या पोरीला नेमकं तेच हवं होतं. मी दुपटं सोडलं. पिवळं ब्लँकेट खाटेवर पसरलं, नातीला त्यात ठेवलं, एक कड डावीकडून, एक उजवीकडून, पाय आत. टोपी घातली. कान सरळ केले. ऋतिकाने वाकून तिला हुंगलं. मग विनेशने उचलली.

ऋतिकाला दवाखान्यात ठेवून विनेश आणि मी मुरुडला आलो तेव्हा उन्हं कलली होती. सुरूच्या बनामागे, जिथं आम्ही लहान लेकरांना मातीत देतो, तिथं माझे चुलत दीर धर्माजी खड्डा खणून उभे होते. बायका तिथं जात नाहीत. मी गेले. मला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

धर्माजीभावजींनी ब्लँकेटला हात लावला आणि थांबले.

"केसर, ह्यो प्लॅस्टिक हाय. तुला सांगाया पायजे? माती ह्याला खानार न्हाय. सुती कापड न्हाय का आनलास?"

दुपटं माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं.

"आनलंय," मी म्हटलं.

"मंग दे की."

"न्हाय. माती खानार न्हाय म्हनूनच ह्यात हाय ती."

त्यांनी विनेशकडे बघितलं. विनेश म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या." आवाज त्याचा नव्हताच. मी तिला शेवटची हातात घेतली आणि माझ्या बोटाला ती गुठळी लागली. कोपऱ्यातली, मी काडी लावून केलेली. कडक, खड्यासारखी. अंगाला टोचेल म्हणून तो कोपरा मी बाहेरच्या बाजूला वळवला, नीट खोचला आणि मग तिला विनेशकडे दिलं. वाळूमिश्रित माती ती, पडताना आवाजही करत नाही.

दोन दिवसांनी ऋतिकाला घरी आणलं. ती रडली नाही. जेवायची, सांगितलं की अंघोळ करायची, खिडकीत बसायची. शेजारच्या बायका येऊन रडून गेल्या, नूतन तर माझ्या गळ्यातच पडली, पण ही कोरडी. मला भीती वाटायला लागली.

मग एका दुपारी मी तिच्या खोलीत गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा गाऊन पुढून ओला होता. दूध आलं होतं. आटायची गोळी दिली होती डॉक्टरांनी, पण दुधाला कोण सांगणार? पॉलिस्टरचा गाऊन. दूध त्यात मुरत नव्हतं, कापडावरून ओघळत होतं, पोटावरून, मांडीवरून, खाली फरशीवर. ती ते पुसतही नव्हती. नुसती बघत होती ते कुठवर जातं.

मी बाहेर आले, पिशवीतून दुपटं काढलं आणि कात्रीने टाके उसवायला बसले. तिचे लांब टाके भराभर निघाले, माझे बारीक निघता निघेनात. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हाताला सवय आहे. पाच तुकडे पुन्हा पाच झाले.

आत जाऊन मी तिचा गाऊन उतरवला, माझं एक सुती पातळ तिच्या पाठीवर टाकलं आणि हमीदाभाभीची मलमल घडी करून तिच्या छातीशी धरली. ती भिजली. मग नूतनचा पंचा. तोही भिजला. धोतराचा तुकडा, मास्तरांची खादी. एकही थेंब खाली पडला नाही. शेवटी मनुबाईच्या आईचा पदर धरला. ऋतिकाने माझा हात बाजूला केला आणि तो स्वतःच्या हाताने छातीशी दाबला, वरून दुसरा हात ठेवला, बाळाचं डोकं धरावं तसा.

बराच वेळ ती तशीच बसली होती. मग तिने मला पदर दाखवला. पूर्ण ओला झाला होता.

"आई," ती म्हणाली, "सगळं प्यायलं हो."

आणि मग ती रडली. मी तिला कुशीत घेतलं, ती ओली जुनेरं आम्हा दोघींच्या मधेच राहिली.